सील

आम्ही अकरा फादर आणि बिशपांचे सेक्रेटरी
लाल चर्चमागच्या सभागृहात सतरंजीवर बसलो.
खुर्च्या होत्या. सिस्टर अनिमा टिग्गांनी त्या
सकाळीच भिंतीला लावून ठेवल्या होत्या.
"पोर खाली बसलेलं असतं," त्या म्हणाल्या,
"तिथून माणसाचं काय दिसतं ते आधी बघा."
बूट दिसले.

पोह्यांवर जिरावण जास्त पडलं होतं,
दोघं-तिघं अजून ओठ पुसत होते,
तेवढ्यात चिठ्ठ्या वाटून झाल्या.
माझ्या चिठ्ठीत: मुलगा, अंदाजे दहा,
डबा एस-सात, बर्थखाली.
बोली: डब्यात कुणालाच कळली नाही.
"आता विचारा एकमेकांना."
आणि आम्ही विचारू लागलो
जे वीस वर्षं विचारत आलो तेच.
का निघालास? घरी सांगितलं होतंस?
खोटं तर बोलत नाहीस ना?

सिस्टरनी हात वर केला.
"हे जाळीमागून विचारायचे प्रश्न, फादर.
इथं कुणी कबुली द्यायला आलेलं नाही.
का आलास, नाही. कुणी आणलं.
आणि तेही उद्या. आज पाणी."

मी वसईचा, केळीच्या वाडीत वाढलेला.
हरवणं मला ठाऊक होतं ते जत्रेतलं:
भोकाड पसरायचं, मग कुणीतरी म्हणायचं,
अरे, हा तर अमक्याचा.
इथं फळ्यावर सिस्टर रस्ता काढत होत्या,
झाबुआ, मेघनगर, मग एक बाण.
बाणाच्या टोकाशी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"वाटेत कोण कोण भेटतं?"
आत्या म्हणवून घेणारी बाई. ठेकेदार.
तिकीट काढून देणारा. पोलीस, कुणीतरी पुटपुटलं.
सिस्टर खडू धरून थांबल्या.
"आणि शिफारसपत्र लिहून देणारा?"

मला माझंच अक्षर दिसलं.

मार्था निनामा. घरी तिला थावरी म्हणत,
शनिवारची म्हणून.
घेऊन आलेल्या बाईच्या गळ्यात क्रूस होता.
दिल्लीतलं चांगलं घर, म्हणाली, दर रविवारी मिस्सा.
मी लिहिलं: माझ्या ओळखीची, प्रामाणिक, कष्टाळू,
वय एकोणीस.
वय बाईनं सांगितलं.
चार पावलांवर कपाट, कपाटात बाप्तिस्म्याची वही.
मी उठलो नाही. बाहेर जीप हॉर्न देत होती.
शिक्का मात्र नीट मारला,
फुंकर घालून वाळवला.

रात्री त्या पॅरिशला फोन लावला.
नवा फादर पानं उलटत राहिला,
पानांचा आवाज इकडे इंदूरपर्यंत येत होता.
"सापडलं. त्या वर्षी चौदाची, फादर."
मग जरा थांबून,
"तिची आई नाताळला येते दरवर्षी.
म्हणते, पत्ता मोठ्या फादरना माहीत आहे."

मोठा फादर. झोप लागली नाही.
जपमाळ हातात होती, मणी पुढे सरकत नव्हते.

सकाळी सिस्टर म्हणाल्या, झगा नको,
झगा पाहिला की पोरं तुम्हाला आवडेल तेच सांगतात.
तसाच गेलो स्टेशनवर, बिनइस्त्रीच्या शर्टात,
आणि प्रथमच कुणी "नमस्ते फादर" म्हटलं नाही.
प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पार्सलच्या गाठोड्यांआड
एक मुलगा, गुडघ्यांत पिशवी.
मी बूट काढून खाली बसलो.
नाव विचारलं नाही. फार जड गेलं ते.
बाटली दोघांच्या मधोमध ठेवली.

एक गाडी आली, एक गेली.
मग त्यानं बाटली उचलली. प्यायला नाही.
झाकणाखालचं कडं
नखानं चाचपत, फिरवत, उन्हाला धरून
पाहत राहिला,
आधी कुणी उघडली होती का.